पेपरमिंटचे भोवरे

मुंगी सुट्टीला आली ती ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी. पाठीवरची सॅकही न उतरवता तिनं दारातच जाहीर करून टाकलं, "या सुट्टीत आईचे भोवरे करायचे. मी करणार. कुणी नाही म्हणायचं नाही."

नाही म्हणायला तसं कुणी पुढंही आलं नाही. आजी हीटरपाशी पाय शेकत बसल्या होत्या, त्यांनी नुसती मान वर केली. आत्यांचा चेहरा एकदम उजळला. आणि हातात टॉवेल घेऊन उभी असलेली मुंगीची सावत्र आई, घरातली 'नवी', मात्र टॉवेलची उगाच घडी घालू लागली.

भोवरे म्हणजे चॉकलेट आणि पेपरमिंटच्या कुकीज. काळ्या पिठाचा एक थर, पांढऱ्याचा एक, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची आणि तिचे काप भाजायचे. प्रत्येक कापावर काळंपांढरं वेटोळं उमटायचं, म्हणून मुंगीनंच लहानपणी त्यांना भोवरे म्हणायला सुरुवात केली होती. तिची आई दर हिवाळ्याच्या सुट्टीत ते करायची. ती गेली तेव्हा मुंगी बारा वर्षांची होती. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि मधल्या सात वर्षांत या घरात भोवरे झाले नव्हते.

नवीनं ते कधी केले नाहीत, ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांच्या मनात होती. ती लग्न होऊन आली त्याला पाच वर्षं होत आली. पहिल्याच जेवणाला आत्या म्हणाल्या होत्या, "नवीला सूप वाढा," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला नवीच म्हणत. एक मुंगी तेवढी मावशी म्हणे. लग्नाआधी वीस वर्षं ती स्टेशनमागच्या पावाच्या बेकरीत होती, आणि अजूनही आठवड्यातले चार दिवस पहाटे उठून तिथं जात होती. शंभर लोकांचे पाव लीलया भाजणारी बाई घरात एक साधी कुकी करत नाही, हे आत्यांना खटकायचं. खटकलं की त्या खटकल्याचं दाखवायच्या. उभा जन्म शाळेत हेडबाई म्हणून काढलेला. मनात ठेवायची सवयच नव्हती.

"कृती माझ्याकडे आहे," आत्या म्हणाल्या.

"तुझ्याकडे?" मुंगी ओरडलीच. "आईनं दिली तुला?"

"दिली नाही. ती कुणाला देणारी नव्हती. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि सगळं आवरल्यावरच उघडायची. कलाकार माणसं असतातच तशी. पण मी दर वर्षी चार-चार खाल्लेत, मला कळत नाही होय त्यात काय आहे ते?"

आणि आत्यांनी खरंच पर्समधून कागद काढला. वळणदार अक्षर, खाली लाल रेघा, मैदा किती, लोणी किती, कोको किती, सगळं सुबक. नवीनं लांबूनच त्यावर नजर टाकली आणि ती एका ओळीवर अडली. पेपरमिंटच्या गोळ्या कुटून पांढऱ्या पिठात मळायच्या, असं तिथं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा रिकामा झाला आणि काम सुरू झालं. मुंगीनं केस वर बांधले. आत्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, परीक्षेला सुपरवायझर बसावा तशा. आजी दारात खुर्ची टाकून होत्या. नवी सिंकपाशी उगाच स्वच्छ भांडी पुन्हा घासत राहिली.

मुंगीचा हात वाईट नव्हता. लोणी आणि साखर तिनं छान हलकी होईपर्यंत फेटली. अंडं घातलं, पिठाचे दोन भाग केले. एकात कोको घातला, दुसऱ्यात कुटलेल्या गोळ्या. कोकोचा भाग बघता बघता घट्ट आला, कारण कोको ओल पिऊन टाकतो. पांढरा मात्र मऊच राहिला. आता हे दोन्ही एकत्र गुंडाळले तर काय होणार हे नवीला डोळे मिटूनही दिसत होतं. तिनं स्वतःला पुष्कळ आवरलं. शेवटी तोंडातून निघून गेलंच.

"मुंगी, काळ्यात चमचाभर दूध घाल गं. म्हणजे दोन्ही सारखे होतील."

"कागदावर दूध नाहीये," आत्या म्हणाल्या.

"नाही, पण…"

"तिची कृती तिच्यासारखीच होऊ दे ना, नवी. एवढं एकदा."

मुंगीनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. कागद आईचा नव्हता, पण आईच्या नावाचा होता. तिनं दूध घातलं नाही.

गुंडाळी करताना काळा थर आडवा तडकला. तो बोटांनी दाबून, चिकटवून मुंगीनं तसाच रेटला. कापांचे भोवरे झाले नाहीत, नकाशे झाले. ते भट्टीत गेल्यावर कुटलेल्या गोळ्या वितळून बाहेर आल्या आणि पत्र्यावर त्यांची काच झाली. दहा मिनिटांनी ट्रे बाहेर आला तेव्हा सगळं एकमेकांना आणि पत्र्याला असं काही घट्ट धरून बसलं होतं की उलथनं वाकलं. आणि पेपरमिंटचा वास? तो कधीच उडून गेला होता.

मुंगीनं एक तुकडा तोडून तोंडात टाकला, चावला, आणि तिचा खालचा ओठ थरथरला. बारा वर्षांची असताना थरथरायचा तसाच.

"मावशी," ती म्हणाली, "तुला येतं ना हे? तू बेकरीत आहेस. तुला नक्की येत असणार. मग इतक्या वर्षांत एकदाही का नाही केलेस? मी काही मागितलं नाही म्हणून?"

नवीकडे देण्यासारखं एकच उत्तर होतं आणि ते तिनं कुणाला तरी शब्द देऊन गिळून टाकलं होतं.

"तिला कशाला विचारतेस?" आत्या उठल्या. "पहिलीची एखादी गोष्ट घरात नको वाटते माणसाला. समजू शकते मी. मीही बाईच आहे."

"ताई, तसं नाही…"

"मग कसं?"

मुंगीनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, "मी जरा मैत्रिणीकडे जाऊन येते," म्हणाली आणि निघून गेली. आत्याही शाल गुंडाळून आपल्या खोलीत गेल्या. त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हे त्यांच्या चालीवरून कळत होतं.

नवीनं ट्रेमध्ये गरम पाणी ओतलं आणि खरवडायला घेतलं. मागून आजींची काठी वाजली. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पाण्यात विरघळणाऱ्या त्या काचेकडे बघत.

या आजी म्हणजे मुंगीच्या आईची आई. दर हिवाळ्यात महिनाभर राहायला यायच्या. जावयानं दुसरं लग्न केल्यावर त्या आता येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्या आल्या. नवीनं त्यांना पहिल्या दिवसापासून आई म्हटलं, आणि त्यांनी ओ दिली. मात्र पाच वर्षांत दोघींचं बोलणं गुडघे, औषधं आणि हवापाणी याच्या पुढं गेलं नव्हतं.

"पोरी," आजी म्हणाल्या, "माझ्या लेकीला अंडं उकडता येत नव्हतं."

नवीचा हात थांबला.

"खरं सांगते. पाणी आटून भांडं करपायचं. आणि मग एका वर्षी म्हणे हिनं भोवरे केले! इथं मी यायच्या आधी फोनवरच कौतुक ऐकलं वन्संच्या तोंडून. मी म्हटलं, लग्नानं माणूस बदलतं खरं. पुढच्या हिवाळ्यात मी जरा लवकर आले. दूध ठेवायला फ्रिज उघडला, तर आत कागदात बांधलेली लांब गुंडाळी. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, कापण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. अक्षर माझ्या लेकीचं नव्हतं."

"आई…"

"थांब. मी फ्रिज बंद केला. तिला काही विचारलं नाही. आठ वर्षं भोवरे खाल्ले आणि वा वा केलं. मग ती गेली. मग तू आलीस. पहिल्या हिवाळ्यात मी इथं चहा करायला डबे काढले. चहा, साखर, मीठ, सगळ्यांवर तू चिठ्ठ्या लावल्या होत्यास." आजींनी काठीनं वरच्या फळीकडं दाखवलं. "तुझा 'ठ' फार वेगळा आहे गं. खालून शेपूट काढतेस."

नवी स्टुलावर बसली. साबणाचे हात मांडीवर तसेच.

"म्हणजे पाच वर्षं तुम्हाला माहीत आहे?"

"आणि तुला?"

"लग्नाआधी मला इथं चहाला बोलावलं होतं ना, त्या दिवशी कळलं. भिंतीवर फोटो पाहिला आणि ओळखलं. मी तर त्यांचं नावही विचारलं नव्हतं कधी. निळ्या कोटाच्या बाई म्हणायचो आम्ही बेकरीत. मध्येच यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, गाव सोडून गेल्या असतील."

"आणि बोलली का नाहीस?"

"शब्द दिला होता. कुणालाच सांगू नका म्हणाल्या होत्या. म्हणाल्या…" नवीनं दाराकडं बघून आवाज खाली केला. "म्हणाल्या, आमच्या वन्संपुढं माझी एवढी एकच गोष्ट चांगली आहे."

आजींनी डोळे मिटले.

"आता मी सांगितलं तर म्हणतील म्हातारीला भ्रम झालाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तू सांगितलंस तर म्हणतील, पहिलीचं नाव पुसायला निघाली. दोन्हीकडून आपलंच तोंड काळं. पण शब्द ज्याला दिला ते माणूस गेलं गं. त्याची मुलगी समोर आहे, आणि ती आज रडत गेली. मी काही सांगत नाही. तुझं तू बघ."

नवीनं हात पुसले, कोट घातला आणि नवऱ्याच्या दुकानाकडे चालायला लागली.

चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या ओलांडून होतं. समोर आरशांचं कपाट आणि मागं एवढुशी खोली. तिथं तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दोघांची ओळख इथलीच. भट्टीच्या वाफेनं हिचा चष्मा सारखा धुरकट व्हायचा म्हणून ही तक्रार घेऊन यायची, आणि काचेत खोट नसतानाही तो चष्मा ठेवून घ्यायचा, परवा या म्हणायचा.

आत्ता तो एका गोल काचेची कड घासत होता. हिला या वेळी पाहून त्यानं यंत्र बंद केलं.

"काय झालं? आजी बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, आणि मध्ये बोलू नका, नाहीतर मला पुरं करता येणार नाही."

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निळा कोट, मागचं दार, पेन्सिलीची चिठ्ठी, भिंतीवरचा फोटो. संपल्यावर त्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"दर वर्षी मी तिला म्हणायचो," तो म्हणाला, "ह्या वर्षीचे मागच्यापेक्षा फर्मास झालेत. आणि ती इतकी हसायची, इतकी हसायची! मला कळायचंच नाही यात हसण्यासारखं काय आहे." मग तो स्वतःच हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लबाड! आठ वर्षं! आणि मी बाहेर बसून दार उघडायची वाट बघायचो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कुणाचा? तिचा? का तुझा?" त्यानं काच मखमलीच्या तुकड्यावर ठेवली. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटलं. "थांब. म्हणजे तुझी माझी ओळख व्हायच्या आधी आठ वर्षं मी तुझ्या हातचं खात होतो."

"कल्पना त्यांची होती. हात माझे."

तो टेबलाला वळसा घालून आला आणि तिचे ते साबणानं सुरकुतलेले हात त्यानं आपल्या हातांत घेतले. बाहेर गिऱ्हाईकानं घंटी वाजवली, ती त्यानं वाजू दिली.

"ताईला लागेल," नवी म्हणाली. "फार लागेल."

"लागेल. पण मुंगीला आज जे लागलंय ते तिला तुझ्याबद्दल लागलंय. ते असंच राहिलं तर मला चालणार नाही. चल, मी दुकान बंद करतो. सांगायचं तूच. मी नुसता उभा राहीन."

घरी आल्यावर नवीनं आधी तोंड उघडलं नाही, फ्रिज उघडला. लोणी काढलं. हात धुतले, ॲप्रन बांधला आणि पीठ चाळायला घेतलं. मुंगी तीनच्या सुमाराला परत आली तेव्हा ओट्यावर पिठाचे दोन गोळे तयार होते, एक काळा, एक पांढरा, आणि स्वयंपाकघरात असा वास सुटला होता की ती चपला न काढताच दारात थबकली. आत्याही वासानंच बाहेर आल्या असाव्यात. त्यांच्या हातात चष्मा होता, तो लावायचं भान राहिलं नव्हतं.

"हा वास…" मुंगी म्हणाली.

"इकडे ये," नवी म्हणाली. "दोन्ही गोळ्यांत बोट दाब. दोन्हीत सारखंच रुतलं पाहिजे. काळ्यात चमचाभर दूध आहे. पांढऱ्यात पेपरमिंटचा अर्क, फक्त सहा थेंब. गोळ्या पिठात घालायच्या नाहीत. त्यांची पूड भट्टीतून काढल्यावर वरून शिंपडायची."

"तुला कसं माहीत?" आत्यांनी विचारलं. आवाजात धार नव्हती. भीती होती.

नवीनं लाटणं खाली ठेवलं. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आजी खुर्चीत. तिनं मुंगीकडेच बघत सांगायला सुरुवात केली.

"तुझी आई आमच्या बेकरीच्या मागच्या दारानं यायची. माझं काम संपायच्या वेळेला. मला तेव्हा माहीत नव्हतं ती कोण आहे. हे भोवरे मी करायचे, मुंगी. गुंडाळी मी करून द्यायची. ती घरी आणून कापायची आणि भाजायची. आठही वर्षं."

मुंगीनं ओट्याकडे पुढं केलेला हात मागं घेतला.

"म्हणजे खोटं?" मुंगी म्हणाली. "सगळं खोटंच होतं? दार लावून घ्यायची ते…"

"ऐक तरी."

"मग आईनं केलं काय? मी इतकी वर्षं काय आठवत बसले?" तिचा आवाज फाटला. "तिचं काहीतरी एक माझ्याकडे होतं मावशी, आणि तेही तुझंच निघालं!"

हे नवीच्या वर्मी लागलं. पण ती मागं हटली नाही. हातातलं पीठ झाडून तिनं स्टूल ओढला आणि मुंगीच्या समोर बसली.

"नाही. ती पहिल्यांदा आली ना, तेव्हा विकत घ्यायला नव्हती आली. शिकायला आली होती. मासिकातून फाडलेलं एक पान होतं हातात. म्हणाली, माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला पेपरमिंटच्या गोळ्या फार आवडतात आणि तिच्या बाबाला चॉकलेट, मला दोघांचं एकात करायचंय. आमची बेकरी पावाची. कुकीज आम्ही कधी केल्याच नव्हत्या. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते पान समोर ठेवून सुरुवात केली. चार शनिवार आली ती. बाही वर करून, तो निळा कोट पिठाच्या पोत्यावर टाकून."

"आणि?" मुंगीनं विचारलं. नकळत.

"आणि काय, हात म्हणजे नुसते लाकडाचे. पहिल्या शनिवारी तिनं साखरेच्या जागी मीठ घेतलं. दुसऱ्या शनिवारी गुंडाळी तिच्या हातातून सुटली आणि जमिनीवर सरळ उलगडत गेली, दारापर्यंत. आमचे मालक नेमके तेव्हाच आत आले आणि त्यांचा पाय त्यात. ती हसली, इतकी हसली की टेबलाला धरून खाली बसली. मालक बूट वर करून उभे, आणि ही म्हणते, 'थांबा, थांबा, चांगला ठसा उमटलाय, असाच भाजू या.'"

आजींच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा होता की कसला, कळलं नाही.

"चौथ्या शनिवारी ती दमली. म्हणाली, 'तुम्हीच द्या करून. माझ्यानं नाही होत. पण काळ्याला दूध किती, अर्काचे थेंब किती, हे मी चाखून ठरवणार.' आणि तिनंच ठरवलं. मी आठ थेंब घालायची. ती म्हणाली, माझ्या मुलीच्या नाकाला झोंबेल, सहाच घाला. ते सहा थेंब तिचे आहेत, मुंगी. मी आजही ते बदललेले नाहीत."

मुंगीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"पण लपवलं कशाला?" आत्या म्हणाल्या. "विकत आणते म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? आम्ही काय खाल्लं असतं तिला?"

यावर नवीनं मान खाली घातली. नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या, आणि कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. हेडबाईंना एवढं पुरेसं होतं.

"माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"ताई…"

"काय म्हणाली होती ती? सांग. मला ऐकायचंय."

नवीनं सांगितलं. एकच वाक्य, होतं तसं. आत्या सावकाश मुंगीशेजारच्या स्टुलावर टेकल्या.

"मी तिला बोलायची," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "करपलेलं सूप, कच्चे बटाटे. सगळ्यांच्या देखत बोलायची. मला वाटायचं, सांगितल्याशिवाय सुधारणार कशी? शाळेतली सवय. तसं फार काही बोलले नसेन ना मी?" शेवटचं त्यांनी आजींकडं वळून विचारलं.

"बोललातच," आजी म्हणाल्या. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी हात पुढं केला आणि आत्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "पण भोवऱ्यांचं कौतुकही तुम्हीच सगळ्यांत जास्त केलंत. मला फोनवर सांगायची ती. म्हणायची, आई, वन्संनी आज चार खाल्ले. चार! जणू बक्षीस मिळालंय."

आत्यांनी पदराला डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि मग बाही वर सारली.

"मला काहीतरी काम द्या," त्या म्हणाल्या. "अशी बसवून ठेवू नका."

मग काम सुरू झालं. नवीनं दोन्ही गोळे लाटले, सारख्या जाडीचे. वरचा थर बोटभर मागं ठेवायचा, म्हणजे पहिली घडी तडकत नाही, हे दाखवलं. मुंगीनं गुंडाळी केली. नवी तिच्या हाताला हात लावत नव्हती; नुसतं "हळू, आता दाब, आता सोड," म्हणत होती. गुंडाळी तासभर फ्रीझरमध्ये राहिली. आत्यांनी पेपरमिंटच्या गोळ्या कुटल्या, भलत्याच जोरात. नवऱ्यानं सगळ्यांना चहा केला. काप पडायला लागले तेव्हा प्रत्येक कापावर वेटोळं होतं, काही वाकडी, काही फुगलेली, पण होती.

ट्रे भट्टीत गेला आणि नवी घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"मावशी," मुंगी म्हणाली. "तिसऱ्या शनिवारी काय झालं?"

"तिसऱ्या?"

"पहिल्याला मीठ, दुसऱ्याला मालकांचा बूट, चौथ्याला ती दमली. तिसरा तू सांगितलाच नाहीस."

"अगं, तिसरा म्हणजे कहरच होता…" नवी म्हणाली, आणि सांगायला बसली. त्या शनिवारी बाहेर बर्फ पडत होता आणि मुंगीच्या आईनं भट्टीशेजारी सुकायला ठेवलेल्या मोज्याचं काय झालं, हे सांगताना तिला उठून हातवारे करावे लागले. नवरा म्हणाला, "अरे, तो मोजा! एकच घेऊन घरी आली होती, मला म्हणाली बसमध्ये हरवला!" आजींनी लेकीच्या लहानपणीच्या मोज्यांचं काहीतरी काढलं. आत्या हसायच्या राहिल्या होत्या, त्याही हसल्या. पाच वर्षांत या घरात नवी एका दमात इतकं कधी बोलली नव्हती, आणि ती कुणाबद्दल बोलतेय याचा कुणालाच संकोच वाटत नव्हता. मुंगी हनुवटीखाली दोन्ही हात धरून ऐकत होती. मधूनच म्हणत होती, "मग? मग ती काय म्हणाली?"

धूर आधी आजींना दिसला.

नवी किंचाळून उठली. वीस-पंचवीस वर्षांत तिच्या हातून एक पाव करपला नव्हता. तिनं ट्रे ओढून काढला, तर भोवऱ्यांतला पांढरा भाग चांगलाच तपकिरी झालेला, काळ्याचा कोळसा. ती हातमोजे घालून तशीच उभी राहिली. तिला रडावं की काय करावं सुचेना.

"फेकून देते. गुंडाळी अर्धी शिल्लक आहे, दुसरे भाजते लगेच…"

"फेकू नकोस," मुंगी म्हणाली.

आजींनी हात लांब करून ट्रेमधून एक उचलला. फुंकर घातली. पुढच्या चार दातांनी कड मोडली, सावकाश चावली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हां," आजी म्हणाल्या. "हे मात्र अगदी माझ्या लेकीच्या हातचे झालेत."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग आत्यांना पहिल्यांदा कळलं आणि त्या अशा फुटून हसल्या की हातातली पेपरमिंटची पूड सगळ्या ओट्यावर उडाली. मुंगीनं ट्रेमधला सर्वांत काळा भोवरा शोधून काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि एक नवीच्या तोंडापुढं धरला. नवीचे दोन्ही हात मोज्यांत अडकलेले होते. तिनं तोंड उघडलं.

"कडू आहे," नवी चावता चावता म्हणाली.

"खूप," मुंगी म्हणाली, आणि दुसरा तुकडा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला.